भाकरी वाढली, वरण वाढलं

मनकर्णाबाईंना दोन माणसांचा स्वयंपाक येत नव्हता.

चौदा माणसांचा येत होता. पाचोडच्या घरात एकेचाळीस वर्षं त्यांनी तोच केला होता. डब्यातून परातीत पीठ घेताना त्यांचा हात चौदा माणसांवर आपोआप थांबायचा, पाहुणे आले तर अठरावर. दोनावर थांबायला त्या हाताला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. गेल्या वर्षी मुलानं शहरात, गारखेड्याला फ्लॅट घेतला, दवाखाना जवळ पडेल म्हणून आई-बापाला त्यात आणून ठेवलं, गॅसचा आणि पाण्याचा नळ कुठून बंद होतो ते दाखवलं आणि तो बायको-मुलीसह टोरांटोला निघून गेला. शेत चुलतभावाकडे बटईनं, निम्म्या वाट्यावर गेलं. घरात सहा खुर्च्यांचं टेबल आलं आणि त्यावर जेवायला माणसं दोन उरली. मनकर्णाबाईंचा हात मात्र पाचोडचाच राहिला.

व्हायचं तेच झालं. रोज सात-आठ भाकरी उरायच्या. अन्न टाकायचं कसं, म्हणून त्या बद्रीनाथराव खायचे. बद्रीनाथराव हे अशा बाबतीत फार कर्तव्यदक्ष गृहस्थ. सकाळी दुधात कुस्करून, दुपारी ताजी, चार वाजता फोडणी देऊन आणि रात्री पुन्हा पिठल्याबरोबर, अशी वर्षभर कामगिरी बजावल्यावर त्यांची साखर इतकी चढली की डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला. मग त्यांनी विचारलं, घरात माणसं किती. दोघंच, असं बद्रीनाथराव म्हणाले. "मग बाकीच्यांचं कोण खातं?" डॉक्टरांनी विचारलं. बद्रीनाथरावांनी मान खाली घातली.

बातमी टोरांटोला गेली. मुलानं तिथूनच पुण्याच्या कुठल्याशा आहार केंद्रात दोघांचं नाव घातलं. खास जोडप्यांसाठी तीन महिन्यांचा कोर्स. कुरिअरनं दोन चपटे वजनकाटे आले, एक पिठाचा आणि एक माणसांचा, चार सारख्या स्टीलच्या वाट्या आल्या, ओट्सचा एक थैला आला, आणि कुणी किती खायचं याचा एक तक्ता आला. तक्त्याप्रमाणे माणशी दीड भाकरी, एक वाटी भाजी, एक वाटी वरण, अर्धी वाटी भात, आणि सकाळी ओट्स. रोज अकरा वाजता केंद्रातून एका मुलीचा फोन येणार होता. तिचं नाव कालिंदी.

आता पुढं जे झालं त्यात दोष कुणाचा, हे ठरवण्याआधी मनकर्णाबाईंच्या सासूबाईंची ओळख व्हायला हवी. त्या जाऊन वीस वर्षं झाली होती, पण त्यांचे हुकूम अजून चालू होते. त्यांतला पहिला हुकूम असा की, घरातली कुठलीही वस्तू संपली असं तोंडातून काढायचं नाही. अन्नधान्याला तर नाहीच नाही. संपलं म्हणायचं ते उजाड घरानं. भरल्या घरात तांदूळ संपत नाहीत, तांदूळ 'वाढतात'. तेल वाढतं, मीठ वाढतं. बांगडी फुटत नाही, तीही वाढते. मनकर्णाबाई नवी नवरी असताना एकदा चुलीपाशी बसून "गूळ संपला" म्हणाल्या होत्या. त्यावर सासूबाई जे बोलल्या ते त्यांना एकेचाळीस वर्षांनीही शब्दन् शब्द पाठ होतं. तेव्हापासून त्यांच्या घरात काहीही संपलं नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यांनी काट्यावर मोजून तीन भाकरी केल्या. दोघं जेवले. टोपलीत तुकडा राहिला नाही आणि बद्रीनाथराव बराच वेळ ताटाकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी अकराला फोन वाजला. आवाज गोड होता, मराठी जरा जपून बोललेलं.

"काकू, काल कसं झालं? भाकरी बरोबर झाल्या?"

"वाढल्या की," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"वाढल्या? किती?"

"समद्याच वाढल्या."

पलीकडे काहीतरी लिहिल्याचा आवाज आला. "ठीक आहे. मग आज माणशी एकच करा. आणि ओट्स?"

"ते हायेत तसेच."

"छान. ते तसेच असू द्या."

फोन ठेवल्यावर मनकर्णाबाईंनी गॅलरीत जाऊन नवऱ्याला नवा नियम सांगितला. जे वाढेल ते कमी करायचं, असं ती मुलगी म्हणते. बद्रीनाथरावांनी पेपर खाली घेतला.

"आन् जे उरंल ते?"

"त्याला हात लावायचा नाय."

"हे कुठलं शास्तर?"

"पुण्याचं," मनकर्णाबाई म्हणाल्या. बद्रीनाथराव पुन्हा पेपरात शिरले.

पंधरा दिवसांत शास्त्रानं आपलं काम चोख केलं. वरण वाढलं, ते अर्ध्या वाटीवर आलं. अर्धी वाटीही वाढली, ती पाव झाली. भात तर सगळ्यांत आधी वाढायचा, म्हणून तो आठवड्यातून दोनच दिवस राहिला. एक भाकरी वाढली म्हणून अर्धी झाली. ओट्स तेवढे रोज तसेच असायचे. या घरात ओट्सचंच माप बरोबर बसलंय, असा कालिंदीचा ग्रह झाला आणि तिनं ते संध्याकाळीही सुरू केले. दोघं एकेक घास तोंडाला लावायचे आणि बाकीचं मनकर्णाबाई गॅलरीत कबुतरांना घालायच्या. आठव्या दिवशी कबुतरं यायची बंद झाली.

सरळ भूक लागते म्हणून सांगायला काय झालं होतं, असं कुणी विचारील. कालिंदीनं तेही विचारलं होतं. पण परक्या मुलीला फोनवर आपण भुकेले आहोत म्हणून सांगायचं, हे पाचोडच्या मोठ्या घरातल्या सुनेला जमणारं नव्हतं. "देवाच्या दयेनं समदं हाय, बाई," असं त्या म्हणाल्या. ते कालिंदीनं लिहून घेतलं.

आणि खरं सांगायचं तर मनकर्णाबाईंना तो रोजचा फोन बंद पडू द्यायचा नव्हता.

रविवारी टोरांटोचा फोन यायचा, व्हिडिओवर. मुलगा चालता चालता बोलायचा. तब्येत कशी आहे, गोळ्या घेता ना, काही लागलं तर सांगा. नात येऊन हात हलवून जायची. सहा मिनिटांत सगळं आटपायचं आणि मग पडद्यावर आपलंच तोंड दिसायचं. शेजारच्या फ्लॅटचं दार दिवसातून दोनदा उघडायचं आणि दोनदा बंद व्हायचं. बद्रीनाथराव मुळातच कमी बोलणारे. शेतात होते तेव्हा बैलांशी तरी बोलायचे, इथं तेही नव्हते. मनकर्णाबाई कधी कधी मिक्सर उगाच चालू करायच्या, घरात आवाज असावा म्हणून.

अशा घरात रोज अकराला कुणीतरी फोन करून विचारायचं, आज काय केलंत? मेथीला फोडणी कशाची घातली? ठेचा तव्यावर की खलबत्त्यात? ते काही तक्त्यात नव्हतं, ती मुलगी आपली आवडीनं विचारायची. आणि शेवटी न चुकता, "काकू, तुम्ही स्वतः जेवता ना नीट?" एकेचाळीस वर्षं मनकर्णाबाईंनी हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाला विचारला होता, गड्यांना आणि गुरांनाही. त्यांना तो कुणी विचारला होता असं आठवत नव्हतं. पहिल्यांदा ऐकला तेव्हा ही कुणाला विचारते, म्हणून त्यांनी मागं वळून बघितलं. आता त्या साडेदहालाच लुगडं बदलून, केस विंचरून फोनजवळ बसायच्या. फोनवर माणूस दिसत नाही हे त्यांना माहीत होतं.

बद्रीनाथराव मात्र बेजार झाले होते. पाचव्या आठवड्यात त्यांनी जाहीर केलं की येत्या रविवारी मुलाला सांगून हा कोर्स बंद करायचा. अकराचा फोन बंद पडू नये म्हणून त्या रात्रीपासून मनकर्णाबाईंनी आपली अर्धी भाकरी गुपचूप नवऱ्याच्या ताटात सरकवायला सुरुवात केली. आपण चुलीपाशीच खाऊन घेतलं, असं सांगायच्या. घरात चूल नव्हती, गॅस होता, पण बद्रीनाथरावांच्या ते लक्षात आलं नाही. ताटात एक भाकरी दिसल्यावर त्यांचा राग निवळला आणि रविवारी ते मुलाला काही बोलले नाहीत.

आठवड्याच्या वजनाला गंमत झाली. बद्रीनाथराव जागचे हलले नव्हते. मनकर्णाबाई चार किलोनं उतरल्या होत्या. "काकू, तुम्ही तर कमाल केलीत," कालिंदी म्हणाली. "माझ्या सगळ्या यादीत पहिल्या." मनकर्णाबाईंना जन्मात कुणी पहिलं म्हटलं नव्हतं. त्यांनी त्या आठवड्यात पावशेर भूक आणखी गिळली.

कालिंदीला एकच कोडं सुटत नव्हतं. एक दिवस ती म्हणालीच, "काकू, मी रोज कमी करतेय, तरी तुमच्याकडे रोज वाढतंच कसं?"

"वाढतंय खरं, बाई," मनकर्णाबाई खोल आवाजात म्हणाल्या. "आजकाल तर ताट वाढलं की लगेच वाढतंय."

सहाव्या आठवड्यात एका सकाळी बद्रीनाथराव शहागंजच्या बाजारात निघाले. चष्म्याची काडी बसवून आणतो म्हणाले. त्या काडीसाठी ते दर दोन दिवसांनी शहागंजला जात होते. मनकर्णाबाई ओट्याखालच्या खणातून कुकर काढायला वाकल्या आणि त्यांच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. त्या सावरायला गेल्या, तेवढ्यात मंगळसूत्राचा पदर खणाच्या मुठीत अडकला आणि काळे मणी टपटप फरशीवर सांडले.

पाचोडला असतं तर तीन जावा धावल्या असत्या. एकीनं पाणी आणलं असतं, एकीनं मणी वेचले असते आणि तिसरीनं देवापुढं साखर ठेवली असती. इथं त्या एकट्याच गुडघ्यावर बसून फ्रीजखालचे मणी लाटण्यानं ओढत राहिल्या. नवरा बाहेर गेलेला, साखरेचं दुखणं, आणि आज हे असं. कुणाला तरी सांगावं म्हणून त्यांनी डोळे पुसले, आणि बरोबर अकराला फोन वाजला.

"काकू, काय म्हणताय?"

"काय म्हणू, बाई. आज माझं मंगळसूत्र वाढलं."

"अय्या, हो? मस्तच की. किती तोळ्यांनी?"

मनकर्णाबाईंनी फोन कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडे बघितलं. मग पुन्हा कानाला लावला. त्यांना राग आला नाही. त्यांना एकदम फार एकटं वाटलं. दीड महिना जिच्याशी आपण रोज बोललो, ती आपलं मंगळसूत्र तुटल्याचं ऐकून हसते, यापेक्षा गॅलरीतली कबुतरं बरी होती.

"असं का बोलतीस, पोरी?" त्या म्हणाल्या. "तुझं काय वाईट केलं मी?"

आता पलीकडची घाबरली. मी कुठं काय बोलले, असं ती म्हणू लागली. मग एकेक शब्द सोडवत दोघी मुळापर्यंत आल्या. मंगळसूत्र वाढलं म्हणजे तुटलं, असं मनकर्णाबाईंनी सांगितलं. तुटलं म्हणू नये, म्हणून वाढलं म्हणायचं.

"पण काकू, मग..." कालिंदीचा आवाज बारीक झाला. "मग भाकरी वाढली म्हणजे?"

"म्हंजी टोपलं रिकामं झालं."

"आणि वरण वाढलं?"

"पातेलं धुऊन ठिवलं."

"ओट्स तसेच आहेत, म्हणजे?"

"म्हंजी कुणी शिवलं नाय, बाई. कबुतरंबी."

मग पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. आपण बंगळुरूत वाढलो, घरी मराठी बोलतात पण वाढलं म्हणजे वाढलंच, असं ती सांगू लागली आणि मध्येच थांबली. "काकू, मी सहा आठवडे तुम्हाला उपाशी ठेवलं."

"मी म्हणलंच व्हतं," दारातून बद्रीनाथराव म्हणाले. ते कधी आले ते कळलं नव्हतं, पण फोनमधला आवाज दारापर्यंत येत होता. त्यांनी चप्पल काढायचीही वाट पाहिली नाही. टोरांटोला आत्ताच फोन लावतो आणि हा कोर्स आजच्या आज बंद करतो, असं म्हणत ते आपल्या फोनवर मुलाचा नंबर शोधू लागले.

"नाय सांगायचं," मनकर्णाबाई म्हणाल्या. लग्न झाल्यापासून त्या नवऱ्याला नाही असं पहिल्यांदाच म्हणत होत्या, त्यामुळे दोघंही जरा दचकले. "लेकरू हाय ते. पोटावर येईल तिच्या."

"आन् माझं पोट?"

"तुमचं पोट शहागंजात भजे खातंय. सदऱ्याच्या खिशात पुडक्याचा कागद सापडतोय मला दर खेपेला."

बद्रीनाथरावांनी फोन खाली ठेवला. पण कालिंदीचं डोकं आता नीट चालू लागलं होतं. भज्यांमुळे काकांचं वजन हललं नाही हे तिला कळलं, पण काकूंचं चार किलो कसं उतरलं? "काकू, अर्धी भाकरी खाऊनही इतकं उतरत नाही. तुम्ही तीही खात नव्हता का?"

मनकर्णाबाईंनी फरशीवरचा एक चुकलेला मणी उचलला आणि वाटीत टाकला. बद्रीनाथरावांनी मण्यांच्या वाटीकडे बघितलं, मग बायकोच्या मनगटाकडे बघितलं. तिथल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. चुलीपाशी खाल्लं म्हणायची आणि घरात चूलच नव्हती, हे त्यांच्या आता ध्यानात आलं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्या दिवशी काट्यावर मोजून तीन भाकरी झाल्या. बद्रीनाथराव रोज टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला बसायचे, ते आज उठून तिच्या शेजारच्या खुर्चीवर आले. आपली भाकरी मोडून अर्धी त्यांनी तिच्या ताटात ठेवली. "तुझं देणं थकलंय," एवढंच ते म्हणाले. मग दोन घासांनी पुन्हा म्हणाले, "भाजी बरी झालीय." मनकर्णाबाईंनी त्या अर्ध्या भाकरीचे आणखी दोन तुकडे केले आणि एक परत केला. तक्त्यात हे कुठंच बसत नव्हतं.

पुढचे सहा आठवडे माप सरळ चाललं. चष्म्याची काडी दुरुस्त झाली. मणी शहागंजच्याच पटव्याकडून ओवून आले. मनकर्णाबाईंचा हात हळूहळू दोनावर थांबायला शिकला. कालिंदी आता प्रत्येक शब्दाचा अर्थ दोनदा विचारायची, त्यामुळे फोन लांबायचा, आणि त्याची कुणाचीच तक्रार नव्हती. ती पुण्यात एका खोलीत एकटी राहते, हेही त्यात कळलं.

शेवटी रिपोर्ट आला. साखर जागेवर आली होती. डॉक्टर खूश झाले आणि हे साधलं कसं, असं त्यांनी विचारलं. "उपासमारीनं," बद्रीनाथराव म्हणाले. डॉक्टर खूप हसले. टोरांटोहून मोबाइलवर अंगठा आला. घरात एकट्या मनकर्णाबाई त्या कागदाची घडी घालत आणि उलगडत बसल्या होत्या. नवऱ्याची साखर उतरली म्हणून वाईट वाटणारी बाई आपणच असू, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी देवाची माफी मागितली.

कालिंदीचा शेवटचा फोन शनिवारी आला. तीही नेहमीसारखी बोलत नव्हती. तक्ता जपून ठेवा म्हणाली, ओट्स कुणाला तरी देऊन टाका म्हणाली.

"तर काकू, तुमचा कोर्स आज संपला."

"संपला म्हणू नाय, बाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. "वाढला म्हण."

"बरं," कालिंदी म्हणाली. "कोर्स वाढला." आणि फोन बंद झाला.

रविवारी टोरांटोची सहा मिनिटं झाली. सोमवारी सकाळी मनकर्णाबाईंनी सवयीनं साडेदहाला लुगडं बदललं, मग आठवण झाली तशी त्या पुन्हा स्वयंपाकघरात गेल्या आणि मिक्सर चालू केला. त्यात काही नव्हतं. मिक्सरच्या आवाजात फोन वाजलेला त्यांना ऐकूच आला नाही. बद्रीनाथरावांनी तो उचलला, नंबर अनोळखी बघून राँग नंबर म्हणाले आणि ठेवून दिला. तो पुन्हा वाजला. या वेळी त्यांनी तो कानाला लावून नीट ऐकलं, मिक्सर बंद केला आणि फोन बायकोपुढं धरला.

"काकू, हा माझा स्वतःचा नंबर आहे," पलीकडून आवाज आला. "कोर्स वाढलाय ना?"

मनकर्णाबाई स्टुलावर बसल्या. पदरानं त्यांनी तोंड पुसलं.

"व्हय, वाढलाय," त्या म्हणाल्या. "तू काय खाल्लंस सकाळपासून?"

"ओट्स," कालिंदी म्हणाली. आणि जरा थांबून म्हणाली, "पण ते तसेच आहेत."